गुरुवारची तपासणी

१

सत्तेचाळीस नंबरची फाईल कपाटात नव्हती. तिच्या जागी एक जुनं कॅलेंडर घडी घालून खोचलेलं होतं.

आसेनक्रोमच्या खाण-कचेरीत फाईल हरवणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण या फाईलवर एका बाईची तुरुंगातली पंधरा वर्षं टांगली होती. सोमवारी आबेना तवियाच्या सोन्याच्या खाणीची भिंत कोसळली आणि तिचा भाचा क्वासी मातीखाली गेला. बुधवारी पोलिसांनी आबेनालाच उचललं. गुन्हा, विनापरवाना खोदकाम. परवाना आहे असं ती घसा फोडून सांगत होती, पण तिची प्रत खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत होती आणि ती खोली भिंतीबरोबरच गाडली गेली. कचेरीतली प्रत सत्तेचाळीस नंबरच्या फाईलमध्ये. येत्या सोमवारी कोर्ट होतं. तोवर फाईल सापडली तर आबेना परवानेवाली, नाही सापडली तर चोर.

म्हणून शुक्रवारी सकाळी ताकोराडीच्या विभागीय कार्यालयानं खाण-निरीक्षक अराबा एसिल्फीला धाडलं. चव्वेचाळीस वर्षांची, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं कमी, पाहणं जास्त. कोकोच्या बिया वाळत घातलेल्या चटया उचलून तिनं एकदा त्यांच्याखाली लपवलेली अख्खी खाण शोधली होती. तेव्हापासून खाणवाले म्हणत, ही बाई आली की मुंगीनंसुद्धा परवाना जवळ बाळगावा. अराबाला हे ऐकायला आवडायचं. कौतुक कुणाला कडू लागतं?

या कचेरीत ती नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी चार महिने बदली निरीक्षक म्हणून ती इथंच बसली होती. जागा ओळखीची, वास ओळखीचा, माणसंही बहुतेक तीच.

तिनं कॅलेंडर बाहेर ओढलं. शेजारच्या दोन फाइली लगेच कलल्या. चोरानं फाईल नेली, पण उरलेल्या फाइली वाकड्या होऊ नयेत म्हणून फटीत कॅलेंडर खोचून गेला. असला नेटका चोर तिनं उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"कुलूप तोडलंय का?" तिनं विचारलं.

"नाही," कचेरीचे प्रमुख असामानी साहेब म्हणाले. "किल्लीनं उघडलंय."

म्हणजे चोर घरातलाच होता.

२

किल्ल्या तिघांकडे होत्या, म्हणून संशयितही तीन.

पहिले असामानी साहेब. सहा महिन्यांपूर्वीच बदलून आलेले, इस्त्रीच्या घडीसारखे ताठ. "फाईल नाही म्हणजे परवाना नाही," त्यांनी निकाल देऊन टाकला. "सरकार कागदावर चालतं मॅडम, दयेवर नाही."

"आणि परवाना होता असं निघालं तर?"

"तर ती भिंत पास कुणी केली, हे मला वरती सांगावं लागेल." एवढं बोलून त्यांनी पंख्याकडे पाहिलं. फाईल नसण्यात त्यांची सोय होती, पण ती लपवण्याइतके ते हुशार नव्हते.

दुसरा निरीक्षक फीफी अमिसा. चार वर्षं इथं असलेला, अराबासारखाच किनाऱ्याकडचा, फांटे जमातीचा. टेबलावर पानात गुंडाळलेली केंकी, मक्याचा आंबट गोळा, उघडून मासा मोडत बसला होता. त्याच्यामागे भिंतीवर त्याच्या आईच्या मयताचं मोठं रंगीत पोस्टर होतं, कडा पिवळ्या पडलेलं. आपल्याकडं माणूस जातं, पोस्टर राहतं.

"या ताई! शुक्रवारी खाण बघायला निघालात? धरणीआई ओरडेल हं." तो हसला. "आपल्याकडं आज धरणीचा वार. कुदळसुद्धा झोपलेली असते."

"आज नाही जात खाणीवर," अराबा म्हणाली. "आधी कागद बघते."

खरं तर आज जायला काही हरकत नव्हती, कारण ती खोदायला थोडीच निघाली होती! पण त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहायला तिचे पाय नको म्हणत होते आणि शुक्रवार आयता मदतीला आला. असं का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"तवियाबाईची खाण तू तपासली होतीस?"

"मी? आठवत नाही. वर्षाला दोनशे खड्डे बघतो ताई, सगळे एकाच आईची लेकरं." त्यानं बोटं चाटली. सहज उडवून दिलेलं हे उत्तर अराबानं मनात टिपून ठेवलं.

तिसरे दप्तरदार बोआदी. बत्तीस वर्षं याच कपाटांपुढं बसून केस पांढरे झालेले, इथल्याच मातीतले. सगळी कचेरी त्यांना मामा म्हणे. अराबाला पाहून ते उठले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलीस पोरी? आफिया अजून रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते. सापानं तिचा पाय धरला होता त्या दिवशी तू गाडी काढली नसतीस, तर आज मी विधुर असतो. आता महिला मंडळात सगळ्यांच्या पुढं नाचते!"

अराबा हसली. आसेनक्रोममधल्या चार महिन्यांतली ती तिची सगळ्यात आवडती आठवण होती.

"मामा, फाईल कुठाय?"

बोआदींनी तिचे हात सोडले. "कपाटात होती," ते म्हणाले, आणि पुढचं सगळं बोलणं त्यांनी जमिनीशी केलं.

३

पोलीस चौकीत आबेना तविया भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची रुंद हाडाची बाई. पायांना अजून खाणीची लाल माती चिकटलेली. धुवायला पाणी दिलं होतं, ती धुवायला तयार नव्हती.

"क्वासी अजून त्याच मातीत आहे," ती म्हणाली. "मी कशाला धुऊ?"

अराबा तिच्यासमोर उकिडवी बसली. "आबेनाबाई, मी ताकोराडीहून आलेय. तुमचा परवाना खरा असेल तर मी तो शोधून काढीन. पण मला सगळं खरं सांगा. तपासणीला कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"अर्ज केला तेव्हा कचेरीतनं सांगितलं, या आठवड्यात निरीक्षक येतील. मी बाजारातनं खुर्ची आणली. आम्ही दगडावर बसतो, पण साहेबाला दगडावर कसं बसवायचं? खुर्ची झाडाखाली ठेवली, वर पांढरं कापड घातलं. रोज रताळं कुस्करून वर उकडलेली अंडी ठेवायची. सोमवारी वाट बघितली, मंगळवारी बघितली, बुधवारी बघितली. गुरुवार आमच्याकडं धरणीचा. त्या दिवशी खाणीवर माणूस फिरकत नाही, पंपसुद्धा मुका असतो. शुक्रवारी परत अंडी उकडली. शेवटी ती क्वासीनंच खाल्ली."

"आणि परवाना?"

"पंधरा दिवसांनी घेऊन जा म्हणाले." आबेनानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता आणि तेच बघवत नव्हतं. "मला वाटलं, शिकलेल्या माणसांना लांबूनही दिसत असेल. आपण अडाणी. त्यांनी पास केली म्हणजे भिंत चांगलीच असणार."

"भिंत कशी कापली होती?" अराबानं विचारलं.

"सरळ कापली होती भिंत. तुमच्या खात्यातली एक बाई परवा फोटो काढताना म्हणाली, पायऱ्या पायऱ्यांनी कापायची असते, म्हणजे माती धरून राहते. मग हे तेव्हा कुणी सांगितलं का नाही, बाई? नुसतं बोट दाखवून 'हे असं नको' म्हटलं असतं, तरी आम्ही त्याच दिवशी पायऱ्या पाडल्या असत्या. क्वासी कुणाचंही ऐकायचा."

चौकीतून बाहेर पडताना अराबाचे कान तापले होते. न जाता लिहिलेले अहवाल ही काय चीज असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पावसात रस्ता वाहून गेला, वरून तगादा आला, की टेबलावरच खाण उतरते. सगळेच उतरवतात. एखाददुसरा तिनंही उतरवला असेल, वाळूच्या नाही तर दगडाच्या खड्ड्याचा, जिथं कुणी मरत नाही. आपला तो अपवाद आणि दुसऱ्याचा तो अपराध, असं म्हणत ती झपाझप कचेरीत परतली.

आणि तिथं टेबलावर तपासण्यांची नोंदवही तिची वाट बघत पडली होती.

४

फाईल गेली होती, पण नोंदवही कुणाला नेता आली नव्हती. तिच्या पानांना नंबर होते आणि प्रत्येक पानावर शिक्का.

बोआदीमामांच्या मोत्यासारख्या अक्षरात ओळ होती: "आ. तविया, सोन्याची खाण. तपासणी १४ मार्च. पंप सुरू, बारा माणसं कामावर, भिंतीला पायऱ्या. अहवाल फाईल ४७." शेवटचा रकाना निरीक्षकाच्या नावाचा होता, आणि तो कोरा होता.

अराबानं मागची वीस पानं चाळली, पुढची वीस चाळली. कुठंही एक रकाना कोरा नव्हता. मामा असे की चहा सांडला तरी त्याची नोंद करतील.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. त्या दिवसांत आपणही इथं होतो, नुकतेच आलो होतो, हे तिला आठवलं. पण तविया हे नाव ऐकल्याचं आठवेना, आणि तपास करणारं माणूस संशयितांच्या रांगेत स्वतःला कधी उभं करत नसतं.

तिनं कपाटात सापडलेलं कॅलेंडर उलगडलं. चर्चच्या महिला मंडळाचं, पानावर मंडळाच्या बायकांचा पांढऱ्या कपड्यांतला फोटो. आणि वर्ष? दोन वर्षांपूर्वीचंच. मार्चचं पान वर दुमडलेलं होतं.

चौदा तारखेवर तिनं बोट ठेवलं, आणि वर वार बघितला. गुरुवार.

आबेनाचे शब्द तिच्या कानात वाजले. गुरुवार धरणीचा, पंपसुद्धा मुका. मग गुरुवारी बारा माणसं कामावर आली कुठून? पंप कुणी सुरू केला?

तिनं गाडीची वही मागवली. बुधवार, १३ मार्च: कचेरीची गाडी दिवसभर दवाखान्यात. सौ. बोआदी, सर्पदंश. ती ओळ वाचून तिला क्षणभर बरं वाटलं. चांगल्या आठवणीकडं कोण संशयानं बघतो? तिनं ती वही मिटली आणि बाकीचं सगळं धडाधड जुळवत गेली.

पाच वाजायच्या आत तिनं तिघांना असामानी साहेबांच्या खोलीत बोलावलं. "बसा," ती म्हणाली. "खोटा अहवाल कुणी लिहिला ते मला कळलंय."

५

"अहवाल लिहिणारा खाणीवर गेलाच नाही," अराबानं सुरुवात केली. "गेला असता तर गुरुवारी तिथं त्याला बारा माणसं नाही, बारा सरडे दिसले असते. मग हा माणूस कोण? इथला नक्कीच नाही. इथल्या पोरालाही ठाऊक असतं, की गुरुवारी जमिनीला कुदळ लावत नाहीत."

बोआदीमामांनी डोळे मिटले होते.

"पण माणूस बेफिकीर नाही. अहवाल शुक्रवारी दुपारी वरती पोचायचे होते, तसा नियम आहे. त्यानं नीट विचार करून तारीख निवडली. बुधवार टाळला, कारण गाडी दवाखान्यात गेल्याची नोंद होती. मग शुक्रवार सकाळ का नाही घातली? ती तर सगळ्यात सोपी होती!" ती थांबली. अशा वेळी थांबायचं असतं हे तिला माहीत होतं. "कारण त्याच्या घरी धरणीचा वार शुक्रवार आहे. लहानपणापासून अंगात मुरलंय, की शुक्रवारी खाण चालूच नसते. शुक्रवार चुकवायला गेला आणि गुरुवारात अडकला. साहेब, हा अहवाल किनाऱ्याच्या माणसानं लिहिलाय."

असामानी साहेबांची मान हळूहळू फीफीकडे वळली.

"आणि आता भिंत पडल्यावर," अराबा त्याच्यावर नजर रोखून म्हणाली, "तो घाबरला. जुनं कॅलेंडर काढून वार बघितला, चूक कळली, फाईल पळवली. दोनशे खड्डे एकाच आईची लेकरं म्हणालास ना फीफी? एक लेकरू मातीखाली गेलंय. त्याची मावशी गजाआड आहे. लाज वाटत नाही?"

फीफीचा चेहरा राखेसारखा झाला. तो मग उठून बाहेर गेला, आपल्या टेबलामागचं पोस्टर टराटरा उपटून घेऊन आला आणि तिच्यापुढं धरलं. चुन्याचे पापुद्रे जमिनीवर पडले.

"वाचा ताई. मोठ्यानं वाचा."

पोस्टरवर एका हसऱ्या म्हातारीचा फोटो होता. खाली तारखा होत्या. शनिवार, १६ मार्च, अंत्यविधी. रविवार, १७ मार्च, आभाराची प्रार्थना. वर्ष तेच.

"मी थोरला मुलगा. आठ तारखेपासून घरी होतो. मंडप मी घातला, शवपेटी मी आणली, आईला अंघोळ घालणाऱ्या बायकांना पाणी मी दिलं. आणि तुम्ही मला त्याच आठवड्यात टेबलावर बसवून खोटं लिहायला लावता?" त्यानं पोस्टर तिच्या आणखी जवळ नेलं. "आल्या आल्या हे पोस्टर समोर होतं तुमच्या. मुंगी सुटत नाही म्हणे!"

अराबानं त्या तारखांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"पण एक खरं बोललात," फीफी पोस्टरची घडी घालत म्हणाला. "किनाऱ्याचंच माणूस असणार. त्या आठवड्यात या कचेरीत तसं एकच माणूस होतं. माझ्याच खुर्चीत बसलं होतं."

असामानी साहेबांची मान आता अराबाकडे वळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. अराबानं बोआदीमामांकडे पाहिलं. ते रडत होते.

६

रात्र तिनं कशी काढली हे लिहिण्यासारखं नाही. शनिवारी सकाळी ती बोआदीमामांच्या घरी गेली.

दारात आफिया होती. डाव्या पायात जरा लंगडत, पण लगबगीनं पुढं आली. "अगं बाई, माझी लेक आली! बस, बस. पामच्या फळांचं सूप चुलीवर आहे. बघ हा पाय, तुझ्यामुळं चालतोय." तिनं कपड्याचा काठ वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. अराबाला तिच्याकडे बघवेना.

आफिया वाटणाला मागच्या अंगणात गेली, तेव्हा अराबा म्हणाली, "मामा, कॅलेंडर महिला मंडळाचं. ते तुमच्या घरातलं. शेजारच्या फाइली कलू नयेत याची काळजी चोराला नसते, दप्तरदाराला असते. आणि जुना वार बघायची गरज ज्याला धरणीचा वार कळतो त्यालाच. हे मला काल दुपारीच दिसायला हवं होतं."

"तुला दिसू नये अशीच माझी प्रार्थना होती," मामा म्हणाले. त्यांनी खाटेखालून कापडात बांधलेला गठ्ठा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

सत्तेचाळीस नंबर. वर मंजूर परवाना. त्याखाली अहवाल, आणि अहवालाखाली सही. लपेटीदार अ, शेवटी खाली ओढलेली रेघ. स्वतःचं अक्षर परक्यासारखं वाटावं असं तिला फार वाटलं, पण ते तिचंच होतं. आता सगळं आठवलं. बुधवारी दवाखाना. गुरुवारी जडावलेले डोळे, समोर सहा अर्ज, उद्या दुपारपर्यंत पाठवायचे. या गावात येऊन तिला तिसराच आठवडा होता, आणि इथला धरणीचा वार निराळा हे तिला पुढं कधीतरी कळलं. एकामागून एक तिनं सहाही खाणी पास केल्या. नावंसुद्धा धड वाचली नाहीत.

"अहवाल नोंदवायला घेतला तेव्हाच गुरुवार माझ्या डोळ्यांत खुपला," मामा म्हणाले. "बोलायला हवं होतं. पण आदल्या दिवशी तू माझी बायको वाचवली होतीस. कुठल्या तोंडानं बोलू? नुसता नावाचा रकाना कोरा ठेवला. खोट्याच्या शेजारी तुझं नाव लिहायला हात उचलेना. भिंत पडली तेव्हा कॅलेंडर काढून पुन्हा वार बघितला, माझीच चूक असेल म्हणून. नव्हती."

"गाडी तुमच्यासाठी गेली, म्हणून मी खाणीवर गेले नाही, असं वाटतंय तुम्हाला?"

"तसंच झालं ना?"

"नाही मामा. गुरुवारी गाडी दारात उभी होती. मला कंटाळा आला होता." हे वाक्य उच्चारताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्याच्या त्या एका चांगल्या दिवसामागं ती दोन वर्षं दुसरा दिवस लपवून बसली होती.

मामांनी चुलीकडे मान केली. "पोरी, जाळायला माझा हात धजला नाही, बत्तीस वर्षं कागद सांभाळलेत. पण तू जाळणार असशील तर मी काही पाहिलं नाही. तुझी नोकरी जाईल. कदाचित तुलाही आत जावं लागेल."

अराबानं चुलीकडे पाहिलं, हे खरं आहे. चांगलं दहा-बारा श्वास पाहिलं. मनात आबेना नव्हती, क्वासी नव्हता. लोक काय म्हणतील, फीफी कसा हसेल, एवढंच होतं. आणि हेच पुढं आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त टोचायचं होतं.

"सूप तयार आहे!" आफियानं हाक मारली. "आधी माझ्या लेकीला वाढते."

अराबा फाईल छातीशी धरून उठली. "मला भूक नाही, मावशी," ती म्हणाली, आणि त्या घरचं अन्न न खाता निघाली. असा अपमान तिनं कुणाचा कधी केला नव्हता.

७

सोमवारी कोर्टात फाईल दाखल झाली, आणि तिच्याबरोबर दोन पानांचं निवेदन. "अहवाल मी लिहिला. मी खाणीवर गेले नव्हते. मी गेले असते तर भिंत पास झाली नसती. फाईल बाजूला ठेवली गेली ती माझ्या खोटेपणामुळे." खाली तीच लपेटीदार सही. न्यायाधीशबाईंनी ते दोनदा वाचलं. आबेनावरचा विनापरवाना खोदकामाचा गुन्हा मागं घेतला गेला. अराबाला निलंबनाचं पत्र आलं आणि चौकशीची तारीख.

कोर्टाच्या पायरीवर फीफी उभा होता. तिनं त्याची माफी मागितली, भर लोकांत, कारण आरोपही चारचौघांत केला होता.

"आईला सांगेन," तो म्हणाला. "पोस्टर पुन्हा चिकटत नाही मात्र." आणि निघून गेला. त्यानं माफ केलं की नाही, हे तिला कळलं नाही. विचारायचा तिला हक्कही नव्हता.

आबेना थेट खाणीवर गेली. अराबा तिच्यामागोमाग चालत गेली, दोन वर्षं उशिरा. रस्ता फक्त वीस मिनिटांचा होता.

सरळ कापलेली भिंत, मधोमध खाली घसरलेला मातीचा डोंगर, आणि त्यात क्वासीला काढायला खणणारी माणसं. बघताच कळत होतं. शिकाऊ पोरगासुद्धा काठावरून म्हणाला असता, हे असं नको. अराबानं गुडघे टेकले.

"आबेनाबाई, तुम्ही वाट बघत होतात ती मीच," ती म्हणाली. "मी आले नाही. आणि आले म्हणून लिहिलं."

आबेना तिच्यापुढं येऊन उभी राहिली. अराबाच्या अंगावर आता ती धावून जाईल, असं खणणाऱ्या माणसांना वाटलं. त्यांनी फावडी थांबवली. आबेना वळली, झाडाखाली गेली आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलून घेऊन आली. ऊनपावसानं तिचा रंग उडाला होता. मागं पांढऱ्या कापडाची एक चिंधी अजून बांधलेली होती.

"हिच्यावर आम्ही कुणी बसलो नाही कधी," ती म्हणाली. "क्वासी बसू देत नसे. म्हणायचा, साहेब येईल तेव्हा काय म्हणेल?"

तिनं खुर्ची अगदी काठाजवळ ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

"बस आता. तो निघेपर्यंत उठायचं नाही."

अराबा बसली.